दुपारची झोप आणि धर्म

मुंजीत बटूला जे नियम सांगतात, त्यात दिवसा झोपायचे नाही हाही एक आहे. मग नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, शेतातून येऊन सावलीत आडवा झालेला माणूस धर्माला चुकतो का?

चरकसंहिता माणूस आणि ऋतू पाहून उत्तर देते. दिवसाची झोप कफ वाढवते, म्हणून एरवी वर्ज्य. पण ग्रीष्मात रात्र लहान, शरीर कोरडे पडलेले, तेव्हा ती हितकर. श्रमाने थकलेले, म्हातारे, लहान मुले, अशक्त यांना तर बाराही महिने मुभा. ही मुभाच अधिक धार्मिक वाटते. बटूचा नियम विद्यार्थ्याच्या व्रताचा भाग होता. तो राबणाऱ्याच्या माथी मारणे अन्याय आहे.

झोपेकडे इतर धर्म वेगळ्या नजरेने पाहतात. फिनलंडमध्ये २७ जुलै हा झोपाळूंचा दिवस. घरात सर्वांत उशिरा उठणाऱ्यावर पाणी ओततात. त्यामागे इफिससच्या सात झोपाळूंची ख्रिस्ती कथा आहे: छळातून वाचायला गुहेत शिरलेले तरुण पिढ्यान्‌पिढ्या झोपून राहिले. कुराणातही गुहेतले ते तरुण भेटतात. इथे झोप हे देवाने दिलेले संरक्षण आहे.

आपल्याकडे तर देवच भक्तांसाठी झोप सोडतो. पंढरपुरात आषाढी एकादशीआधी विठ्ठलाच्या शेजघरातला पलंगच काढतात. यात्रेनंतरच्या प्रक्षाळपूजेपर्यंत देव रात्रंदिवस दर्शनाला उभा असतो, आणि त्याच एकादशीला पंचांग देवशयनी म्हणते.