विश्वस्त कोणाचे?

लोकांच्या आरोग्यासाठी काढलेली संस्था खरोखर कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता कोर्टकचेरीचा वाटतो, व कायद्याने त्याचे उत्तर दिलेलेही आहे. १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते, विश्वस्तांची नावे तेथे लिहिली जातात, आणि हिशेब तपासून पाठवावे लागतात. परंतु ज्यांची नावे तेथे लिहिली गेली त्यांनी कोणाच्या वतीने 'होय' म्हणावे, हे कायदा सांगत नाही. हा प्रश्न नीतीचा आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले, भावंडे मुंबईस पोटासाठी गेलेली आहेत. समजा, मध्य रेल्वेवर भांडुप व मुलुंड यांच्या मध्ये जे नाहूर स्टेशन आहे, त्याच्या आसपासच्या वस्त्यांसाठी कोणी एक आरोग्यसंस्था काढली. तिच्या मंडळात कोण बसेल? एखादा नामांकित डॉक्टर, एखादा वकील, हिशेबात मुरलेला गृहस्थ, आणि ज्याने पैसा दिला तो. ही माणसे बहुधा सज्जन असतात, व त्यांच्यावाचून काम चालत नाही हेही खरे. तथापि जिच्या तान्ह्या मुलास मध्यरात्री धाप लागते ती आई त्यांच्यात नसते. नव्या उपायाचा प्रयोग व्हावयाचा तो तिच्या घरी, आणि तो करावा किंवा न करावा हे ठरावयाचे मात्र तिच्या गैरहजेरीत.

"मग संस्था लोकांच्या हाती द्या," असे कोणी सहज म्हणेल. पण लोक म्हणजे कोण? जामखेडचा इतिहास ह्या बाबतीत फार बोधप्रद आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे आले. तेथील पुढाऱ्यांनी त्यांस बोलावले, आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याची जागा कामासाठी दिली. येथवर सर्व गोड होते. परंतु पुढारी म्हणजे गाव नव्हे, हे त्या दोघांस लवकरच उमगले. त्या वर्षांत दुष्काळाने सारा मुलूख होरपळत होता, आणि गरिबांस औषधाच्या आधी अन्न व पाणी हवे होते. पाण्यासाठी विंधणविहिरी घेताना त्यांचे पंप दलित वस्तीत बसतील अशी खटपट करण्यात आली, जेणेकरून इतर जातींच्या बायांस घागर घेऊन तेथेच यावे लागावे. पंप कोठे बसवावा हे ठरविण्याचे काम केवळ गावच्या बड्या माणसांकडे असते, तर तो कोणाच्या वाड्याशेजारी बसला असता, हे खेड्यात राहणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

पुढे शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या, पण त्या तेथे रुळेनात. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातूनच एक बाई निवडून द्यावी असे ठरले. ह्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या आठवड्यास जामखेडी जमत, आपापल्या गावची दुखणीबाणी सांगत, शिकत, आणि जातीपातीचा विचार सोडून एकत्र जेवत. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आम्हांस त्याहून मोठी गोष्ट ही वाटते, की ज्ञान डॉक्टरच्या हातातून निघून जिच्याकडे कोणी पाहतही नव्हते तिच्या हाती गेले. अधिकार म्हणजे केवळ बैठकीतील खुर्ची नव्हे. पण असे ज्ञान हाती नसता जो खुर्चीवर बसतो, तो शोभेपुरताच बसतो.

ह्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. गडचिरोलीस डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापिली. १९९३ ते १९९८ ह्या काळात त्यांनी ३९ गावांतील बायांस नवजात अर्भकांची घरीच शुश्रूषा करण्यास शिकविले; जंतुदोष झाल्यास इंजेक्शन देण्यासही. थोडे शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळास सुई टोचावी काय? एखाद्या सावध विश्वस्ताने ह्यास नकार दिला असता तर त्यास वाईट कोण म्हणणार? पण दवाखाना दूर, रस्ता चिखलाचा, आणि मूल मरतेच आहे, अशा ठिकाणी सावधपणाची किंमत विश्वस्तास भरावी लागत नाही, आईस भरावी लागते. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात ही हकीकत छापून आली, व पुढे सरकारनेही ही पद्धत उचलली.

परंतु जेथे तुलना आली तेथे दुसरी बाजूही आली. नवा उपाय गुणकारी आहे की नाही हे ठाऊक नसते म्हणूनच काही गावांस तो देऊन व काही गावांस पूर्वीच्याच सोयीवर ठेवून पाहावे लागते. हे आम्ही कोणास दोष देण्यासाठी लिहीत नाही. अशा परीक्षेवाचून खरेखोटे कळत नाही. तथापि अशा वेळी मागे राहिलेल्या गावांचे गाऱ्हाणे बैठकीत मांडणारा कोणीतरी असलाच पाहिजे. संस्थापक कितीही थोर असो, त्याचे डोळे उपायाकडे लागलेले असतात. दुष्टास 'नाही' म्हणणे सोपे. ज्याच्या पायाशी बसून आपण शिकलो त्या सज्जनास 'थांबा, अजून नाही' म्हणणे फार कठीण. आमच्या मते विश्वस्ताची नेमणूक मुख्यत्वे ह्याच एका कामासाठी असते. हिशेब कारकूनही तपासतो.

आता कोणी म्हणेल की निरक्षर बाईस मंडळावर बसविले तरी इंग्रजी कागदांत तिला काय कळणार? मग कागद मराठीत लिहावेत. कारभार समजून सांगता येत नसेल, तर तो सांगणाऱ्यासही पुरता समजलेला नाही, असा आमचा अनुभव आहे.

मुंबईची अडचण मात्र वेगळी आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातील पहिली. आजारी अर्भकांसाठी एवढी खटपट करणाऱ्या ह्याच डॉक्टरीणबाईंनी पुढे १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था काढली, ती रुग्णालयाबाहेर, वस्त्यांतील माताबालकांत काम करण्यासाठी. पण खेड्याप्रमाणे वस्तीने आपल्यातून एक बाई निवडून द्यावी म्हटले, तर निवडणार कोण? नाहूरच्या एका चाळीत एक बिऱ्हाड कोकणातले, दुसरे मराठवाड्यातले, तिसरे उत्तरेकडचे असावयाचे, आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार संपताच त्यांतले एखादे दुसरीकडे जावयाचे. जिची निवड आज होईल ती पुढच्या पावसाळ्यात तेथे असेल, ही खात्री कोण देणार? म्हणून बाहेरचे विश्वस्त म्हणतील की आम्हीच बरे, आम्ही निदान कायमचे आहोत. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण जी आठ महिने त्या खोलीत राहिली, तिच्या मुलास त्याच आठ महिन्यांत हगवण लागली. तेवढ्या मुदतीपुरती तरी तिची खुर्ची तिला द्यावी, आणि ती गेली म्हणजे त्या खोलीत नव्याने येणारीस विचारावे.