अभ्यासाचें भय व मुलाचा दोष

गणिताचें पुस्तक उघडतांच ज्या मुलाच्या पोटांत दुखूं लागतें, त्याला आळशी किंवा ढोंगी म्हणून आपण मोकळे होतों. हा न्याय खरा आहे काय, याचा विचार आईबापांनीं व शिक्षकांनीं करणें अगत्याचें आहे.

रशियांतील शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना पचनक्रियेवरील शोधांबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांना असें आढळलें कीं, अन्न देण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं ठराविक आवाज केला, तर पुढें केवळ त्या आवाजानेंच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. आवाजांत अन्न नाहीं. परंतु शरीरानें दोहोंची गांठ घातलेली असते. त्याचप्रमाणें पुस्तक व छडी, पुस्तक व वर्गांतील हंशा, हीं पुनःपुन्हां एकत्र आलीं म्हणजे मुलाच्या शरीरांतहि तशीच गांठ बसते.

अमेरिकेंतील वॉटसन व रेनर यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मन विषण्ण करणारा आहे. सुमारें ११ महिन्यांचें एक बालक पांढऱ्या उंदराला भीत नव्हतें. तें उंदराला हात लावूं लागतांच त्याच्या पाठीमागें पोलादी कांबीवर हातोडा आपटण्यांत येई. अखेर उंदीर दिसतांच तें रडूं लागलें, व सशाला आणि कुत्र्यालाहि भिऊं लागलें. तें भय काढून न टाकतांच बालकाला तेथून नेण्यांत आलें. ज्ञानाकरितां कां होईना, हें कृत्य निर्दोष कसें म्हणावें? आणि त्या बालकाला कोणी भित्रें म्हटलें, तर तें आपणांस रुचेल काय?

शाळेंतून पळणाऱ्या मुलाची गोष्ट थोडी निराळी आहे. पळतांच त्याची छाती धडधडण्याची थांबते, आणि हें सुखच त्याला पुन्हां पळावयास शिकवितें. अन्नावांचून तोच आवाज वारंवार झाला, तर कुत्र्याची लाळ हळूहळू बंद होते. पण पळणाऱ्याला छडीवांचूनचें पुस्तक कधीं भेटतच नाहीं. त्याला ओढून आणून मारणें म्हणजे गांठ अधिक घट्ट करणें होय. शाळेंतील मारहाणीस शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें मनाई केली आहे. घरच्या उपहासाला मनाई कोण करणार?

एवढ्यानें सर्व उलगडा होतो, असें मात्र समजूं नये. फळ्यावरचीं अक्षरें न दिसणारें मूलहि फळ्याला भितें. त्याला चष्माच पाहिजे.

मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं १९२४ सालीं पीटर नांवाच्या सुमारें ३ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला फार भीत असे. त्याला खाऊ देत असतां ससा दूर ठेवीत, व त्याच्यानें सोसवेल तसा थोडा थोडा जवळ आणीत. सशाला न भिणारीं मुलेंहि कधीं सोबतीला असत. शेवटीं पीटरनें सशाला आपलीं बोटें कुरतडूं दिलीं. पाढ्यांना भिणाऱ्या मुलापुढेंहि प्रथम एकच सोपें उदाहरण ठेवावें, आणि तें सुटलें म्हणजे त्या दिवसापुरती पाटी पुसून टाकावी.