फक्त हे युद्ध नको

जून २००६ मध्ये अमेरिकेच्या फोर्ट लुईस तळावरून एक स्ट्रायकर ब्रिगेड इराककडे निघाली. तिच्यातले लेफ्टनंट एरेन वाटाडा मात्र तळावरच थांबले. होनोलुलूचे वाटाडा २००३ मध्ये स्वखुशीने सैन्यात आले होते. आपल्या माणसांना जिथे न्यायचे, तिथली माहिती हवी म्हणून त्यांनी इराकविषयी मिळेल ते वाचले. संहारक अस्त्रे सापडली नव्हती, सुरक्षा परिषदेची स्पष्ट मंजुरीही नव्हती. हे युद्धच बेकायदा आहे, असे त्यांचे मत झाले. त्यांनी राजीनामा दिला, तो फेटाळला गेला. अफगाणिस्तानात जायची तयारी दाखवली, तीही मानली गेली नाही.

शस्त्रच धरणार नाही म्हणणाऱ्याला अमेरिकी कायदा सवलत देतो. ‘फक्त हे युद्ध नको’ म्हणणाऱ्याला देत नाही.

१९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवले. त्या खटल्यातला एक अर्जदार लुई नेग्रे हा कॅथलिक सैनिक होता. व्हिएतनामचे युद्ध अन्याय्य आहे, त्यात भाग घेणे आपल्या धर्माला मान्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. आणि त्यामागे जुनी परंपरा होती. राजा चुकला तरी आज्ञा पाळणारा शिपाई निर्दोष राहू शकतो, असे संत ऑगस्टीन यांनी मानले होते. सोळाव्या शतकात सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे विटोरिया त्यापुढे गेले: युद्ध अन्याय्य असल्याची खात्री झालेल्याने राजाज्ञा असली तरी लढू नये. प्रत्येक युद्ध पारखून घ्या, असे धर्म सांगतो आणि पारखणाऱ्यालाच कायदा दारात अडवतो. हे उलटेच आहे.

मराठी वाचकाला इथे अर्जुन आठवेल. पण त्याला छळत होता तो स्वजनांच्या हत्येचा आणि कुलक्षयाचा प्रश्न. पांडवांची बाजू अन्यायाची आहे, असे तो म्हणत नव्हता.

प्रत्येक अधिकारी युद्ध निवडू लागला तर सैन्य चालेल कसे, हा आक्षेप हलका नाही. निवडून आलेल्या सरकारचे सैन्याने ऐकावे, हे लोकशाहीचे मोठे संरक्षण आहे. वाटाडांनी ते मोडले नाही. ते पळाले नाहीत, कोणाला बंडाला उठवले नाही. गणवेशातच राहून खटल्याला उभे राहिले.

युद्ध कायदेशीर की बेकायदा, हा बचाव मात्र लष्करी न्यायाधीशांनी मांडूच दिला नाही. फेब्रुवारी २००७ मधला खटला तांत्रिक कारणाने रद्द झाला. एकाच आरोपासाठी दोनदा खटला नको, या तत्त्वावर संघराज्य न्यायालयाने मुख्य आरोपांची फेरसुनावणी रोखली. २००९ मध्ये सैन्याने त्यांना सन्मानाविना सेवेतून मोकळे केले.