आधी मोज, मग हात लाव

"मॉडच खराब आहे" हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढायचं नाही. माइनक्राफ्टमध्ये तू हौसेनं इंडस्ट्रियलक्राफ्ट २ हे मॉड टाकलंस, स्वतःच्या हिमतीवर कारखाना उभारलास, त्याचं मला कौतुक आहे. पण वीज गेल्यावर तू जे केलंस त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, धुडगूस म्हणतात.

मी कारखाना पाहिला. एक जनरेटर, पुढे वीज साठवणारा बॅटबॉक्स, आणि कथिलाच्या केबलवर चार मॅसरेटर, दोन इलेक्ट्रिक फर्नेस, एक कम्प्रेसर. जनरेटर खेळाच्या घड्याळाच्या दर टिकला १० ईयू, म्हणजे विजेची १० एककं, देतो. मॅसरेटर आणि कम्प्रेसर प्रत्येकी २ खातात, फर्नेस ३. कर बेरीज. १६! येतात १०, लागतात १६. एवढा हिशेब मांडायला तुला वेळ नव्हता?

वर म्हणतोस, "सर, आधी सगळं मस्त चालू होतं, अचानक बंद पडलं." अचानक काहीही झालेलं नाही. भरलेल्या बॅटबॉक्समध्ये ४०,००० ईयू असतात. टिकला ६ ची तूट, सेकंदाला २० टिक, म्हणजे सेकंदाला १२० ची तूट. साडेपाच मिनिटांत बॅटबॉक्स रिकामा. तेवढा वेळ तू शिलकीवर मजा मारलीस आणि शिलक संपल्यावर बोंब ठोकलीस.

मग केलंस काय? केबल बदललीस. कथिलाची केबल ३२ पर्यंत पेलते, तुला हवेत १६. तिचा काय गुन्हा? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तांब्याची केबल टाकूनही फरक पडेना, तेव्हा रेंचनं बॅटबॉक्स फिरवलास. त्याची वीज फक्त ठिपक्याच्या बाजूनं बाहेर पडते, बाकीच्या पाच बाजू आत घेण्यासाठी असतात. ठिपका गेला भिंतीकडे, आणि अडखळत का होईना चालणारी यंत्रंही ठप्प झाली. शेवटी वैतागून बॅटबॉक्स काढलास आणि त्याच्या जागी सीईएसयू हा त्याहून मोठा साठा थेट जोडलास. तो १२८ सोडतो, तुझी यंत्रं ३२ ची. मध्ये एलव्ही ट्रान्सफॉर्मर नाही, यंत्रांत ट्रान्सफॉर्मर अपग्रेड नाही. उडाली सगळी! ही मॉडची चूक नाही, हा मॉडचा नियम आहे, आणि तो न वाचता तू तारा जोडत सुटलास.

यंत्रं पुन्हा बनवता येतील. माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. केबलमधली वीज मोजणारा ईयू-रीडर तुझ्या पेटीत पडून होता, आणि तू तो एकदाही केबलला लावला नाहीस. डोकं असून वापरायचं नाही, ही सवय मला तुझ्यात नको आहे.

आता नीट ऐक. वीज गेली की उगमापासून निघायचं. जनरेटरमध्ये कोळसा आहे का? एक कोळसा म्हणजे ४,००० ईयू, फक्त २० सेकंदांचा खेळ. सौर पॅनेल असेल तर डोक्यावर मोकळं आकाश आहे का, दिवस आहे का? मग बॅटबॉक्सचा ठिपका कुठे आहे ते बघायचं. मग केबलला रीडर लावायचा. सगळ्यात शेवटी यंत्रांची बेरीज पडताळायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम बघायचा, मगच पुढे जायचं.

तुला फक्त आणखी एक जनरेटर हवा होता. २० आले असते, १६ लागले असते. जा, पुन्हा उभार. पण पहिली केबल टाकण्याआधी जमा-खर्च कागदावर मांडून मला दाखव.