दुःखातला वाटा

मुलांपासून मरण लपवण्यात आपली घरं तरबेज आहेत. आजोबा ‘देवाघरी’ जातात, काका ‘गावाला’ जातात आणि जन्मून चार दिवसांत गेलेल्या बाळाचा तर विषयच निघत नाही. लहानपणाच्या गप्पा मात्र रंगतात. आंब्याची अढी, मामाकडची विहीर, मास्तरांची छडी! पितृपक्षात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घेतली जातात, वडे आणि अळूची भाजी होते. पण ज्यांच्या नावानं पान वाढलं, त्यांचा जीव कुणावर होता, ती कशानं खचली, हे पंगतीतल्या नातवंडांना कुणी सांगत नाही. गोड तेवढं मुलांना, कडू मोठ्यांनी गिळायचं, अशी ही वाटणी. ती मायेपोटी होते, यात शंका नाही. तरी मला ती मुलांवर अन्याय करणारी वाटते.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना त्यांच्या घराविषयी 20 प्रश्न विचारले. आईवडील कुठे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, असे साधेच प्रश्न; पण घरात काही भयंकर घडलं होतं का, आजारपण आलं होतं का, हेही त्यांत होतं. ज्यांना जास्त उत्तरं येत होती, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास अधिक आढळला. यावरून घाईनं निष्कर्ष काढू नये. उत्तरं पाठ करून घेतल्यानं काही साधत नाही, हे ड्यूक यांनीही बजावलं आहे. ज्या घरात निवांत बोलणं होतं, तिथे मुलांना इतर आधारही मिळत असणार. पण ‘अशा गोष्टी कानावर पडल्या की मुलं खचतात’ या आपल्या ठाम समजुतीला त्यातून दुजोरा मिळत नाही, एवढं नक्की.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सुरुवातीलाच फाशी येते. 1857 च्या धामधुमीत घरच्या एका वडीलधाऱ्याला ती झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा. म्हणजे हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं, घरात कुणीतरी सांगितलेलं होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं, तर सोवळ्यापायी घरादाराचे हाल करणारा बाप त्यांच्या लेखी निव्वळ विक्षिप्त ठरला असता. कारण कळल्यामुळे त्या बापाकडे हसतही पाहू शकल्या, आणि त्या हसण्यात त्याची कीवही आहे. दडवलेल्या दुःखाचे परिणाम मुलं भोगतच असतात. फक्त त्याचं कारण त्यांना ठाऊक नसतं. मग ती स्वतःच कारण शोधतात आणि पुष्कळदा स्वतःलाच दोषी धरतात.

आठवणींवर कितपत विसंबायचं, हा आक्षेप वजनदार आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात, ‘तू लहानपणी बाजारात हरवला होतास’ असा खोटाच प्रसंग घरच्यांच्या हवाल्यानं 24 जणांपुढे ठेवला गेला. सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना तो थोडाफार ‘आठवला’. घरच्यांच्या शब्दाला केवढी ताकद असते, ते यातून दिसतं. पण त्यावर गप्प बसणं हा उपाय नव्हे. घरात एकाच कर्त्या माणसाची हकिकत चालू नये, हा उपाय आहे. तोच प्रसंग आत्यानं वेगळा सांगितला, तर तिला ‘तुला काय आठवतंय?’ म्हणून उडवून लावू नये. दोन्ही हकिकती मुलांच्या कानावर पडू द्याव्यात.

दुसरा आक्षेप जखमेवरची खपली काढण्याचा. ज्यानं सोसलं त्याला न बोलण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि मोबाइल समोर धरून ‘आजी, सांग ना’ म्हणणाऱ्या हौशी नातवंडांनी तो मानायलाच हवा. मात्र गप्प राहणं आणि थाप मारणं यांत अंतर आहे. ‘तुझा एक काका होता, त्याच्याविषयी मला अजून बोलवत नाही,’ एवढं आजी म्हणाली तरी काका घरात राहतो, आणि विचारण्यात आपलं काही चुकलं नव्हतं, हे मुलालाही कळतं.