मताचे फळ

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे मोठ्या पक्षांचे कार्यकर्ते लहान पक्षाच्या मतदाराला ज्या एका वाक्याने गाठतात ते वाक्य म्हणजे ‘मत वाया घालवू नका’. हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते आणि इतक्या सहजपणे पटते, की त्याच्या पोटात एक संपूर्ण जीवनदृष्टी दडलेली आहे याचे भान बोलणाऱ्यालाही नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते. मताचे फळ म्हणजे विजय, विजय नाही तर फळ नाही, आणि फळ नाही तर कर्मच निरर्थक, अशी ती दृष्टी. आपल्या कायद्याप्रमाणे वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळविणाऱ्या पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. रक्कम सरकारजमा होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या उमेदवाराला मत देणाऱ्या माणसांचे म्हणणेही त्या रकमेबरोबर निकालात निघते काय, हा प्रश्न मतमोजणीच्या हिशेबाचा नाही. तो धर्मविचाराचा आहे, आणि म्हणूनच त्याचा निकाल निवडणूक अधिकाऱ्याच्या मेजावर लागू शकत नाही.

याला आपल्या परंपरेत एक तयार उत्तर आहे. कर्म करावे आणि फलाशा सोडावी, हे गीतेचे सांगणे मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेले आहे. तेव्हा सदसद्विवेकबुद्धीला जो पक्ष खरा वाटेल त्याला मत द्यावे आणि निकालाची चिंता करू नये, असे कोणीही म्हणेल. मला हे उत्तर अपुरे वाटते. मत ही एकांतात करावयाची उपासना नव्हे. त्या मतातून जे सरकार उभे राहते ते माझ्यावर जितके राज्य करते तितकेच माझ्या शेजाऱ्यावरही करते, आणि स्वतःच्या अंतःकरणाची शुद्धी सांभाळण्याच्या भरात मी राज्यच अस्थिर करून ठेवले, तर त्याचे प्रायश्चित्त दुबळ्यांना घ्यावे लागते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी निष्काम कर्माची सांगड लोकसंग्रहाशी घातली ती उगाच नव्हे. जमीनदार आणि कूळ, गिरणीमालक आणि कामगार, कोकणातला माणूस आणि देशावरचा माणूस यांना एका छपराखाली बसवून तडजोड करावयास लावणे हे मोठ्या पक्षाचे काम आहे, आणि ते लोकसंग्रहाचेच काम आहे. त्याची अवहेलना करून लहान पक्षाची थोरवी गाता येणार नाही.

परंतु फळ या गोष्टीची व्याप्ती विजयाएवढीच आहे काय? येथे कोकणातील खोतीचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत सरकार आणि रयत यांच्यामध्ये खोत नावाचा मध्यस्थ उभा असे. सरकारचा सारा तो भरी, आणि कुळाकडून मात्र त्याहून कितीतरी अधिक वसूल करी. पिकाचा हिस्सा खळ्यावरून खोताच्या घरी जाई, आणि त्यावर वेठीची कामे निराळी. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली कुळांनी संप केला आणि वर्षानुवर्षे भातशेते पडीक ठेवली. ज्यांच्या हाताला नांगराची सवय, ते लोक जंगलातील लाकडे तोडून आणि विकून दिवस काढीत राहिले. ज्या घराला सालभर पुरेल इतके धान्य पिकल्या वर्षीही उरत नाही, त्या घराने आपणहून जमीन पडीक ठेवावी, याचा अर्थ काय होतो हे शेती केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

या कुळांचे गाऱ्हाणे कायदेमंडळात नेले ते एका लहान पक्षाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिल्यानंतर झालेल्या १९३७ च्या निवडणुकीत, १७५ जागांच्या मुंबई विधानसभेसाठी त्याने अवघे सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आणले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांना वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला रयतवारीतील कब्जेदाराचे हक्क द्यावेत, असे त्याचे स्वरूप होते. पुढे १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आले आणि मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढे त्यांनी आपल्या मागण्या ठेवल्या. विधेयक मात्र मंजूर झाले नाही. १९४२ साली तो पक्षही विसर्जित झाला. आणि १९४९ साली मुंबईच्या विधिमंडळाने खोती निर्मूलनाचा कायदा केला, तेव्हा सरकार होते काँग्रेसचे आणि त्याचे प्रमुख होते तेच खेर.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाला मत देणाऱ्या कोकणातल्या कुळाचे मत वाया गेले काय? त्याचा पक्ष सत्तेवर आला नाही, त्याचे विधेयक पडून राहिले, पक्षाचे नावही मतपत्रिकेवरून गेले. खोती गेली याचे सारे श्रेय त्या एका विधेयकाला द्यावे असे मी म्हणणार नाही. चरीची पडीक शेते, बदललेला काळ आणि मोठ्या पक्षातील शहाण्या माणसांची सद्बुद्धी, यांचाही त्यात वाटा होता. परंतु जी व्यथा बांधावर कुजबुजली जात होती ती सरकारी दप्तरात कलमवार नोंदली गेली, आणि एकदा नोंदली गेल्यावर ती ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय कोणत्याही सरकारला उरली नाही. राज्यसंस्थेला ऐकावयास भाग पाडणे हे मताचे फळच आहे. ते दुसऱ्याच्या अंगणात पिकले म्हणून ज्याने पेरले त्याचे श्रम मिथ्या ठरत नाहीत, आणि निष्काम कर्माचा सार्वजनिक जीवनातला अर्थ मला तरी येथेच सापडतो: फळ नको असे नव्हे, फळ आपल्या नावावर जमा व्हावे हा हट्ट नको.

आयुष्यभर लहान पक्षांचे नेतृत्व केलेल्या बाबासाहेबांनीच संविधानसभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या सूचनेला विरोध केला, ही गोष्ट मला अत्यंत मननीय वाटते. त्या पद्धतीने जागा वाटल्या गेल्या असत्या तर लहान पक्षांचा लाभच झाला असता; परंतु बहुसंख्य मतदार निरक्षर असलेल्या देशात ती पद्धत पेलणार नाही आणि तिच्यामुळे सभागृहाची शकले होऊन सरकार टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पक्षहिताच्या वर राज्यहित ठेवणारी ही भूमिका मी शिरोधार्य मानतो, आणि तरीही तिच्यामुळे लहान पक्षावर ओढवणाऱ्या अन्यायाचे परिमार्जन कोठे होते, हे शोधावेसे वाटते. त्याचे काही अंशी उत्तर संघराज्याच्या रचनेतच आहे. या रचनेत मोठेपण आणि लहानपण ही सापेक्ष असतात.

गोमंतकात १९६३ च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक झाली तेव्हा देशावर राज्य करणाऱ्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही, आणि दिल्लीच्या मापाने नगण्य असा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष भाऊसाहेब बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या बहुजन समाजाची बाजू त्याने घेतली. खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या, १९६४ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्या पक्षाची मुख्य मागणी मात्र गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण ही होती. १६ जानेवारी १९६७ रोजी त्यावर सार्वमत घेतले गेले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. विलीनीकरण व्हावे असे मनापासून वाटणाऱ्या महाराष्ट्रातल्या पुष्कळांना तेव्हा हा कौल गोंधळाचा वाटला असेल. मला त्यात गोंधळ दिसत नाही. कुळाच्या हक्काविषयीचे त्या पक्षाचे सत्य लोकांनी स्वीकारले आणि गोव्याच्या भवितव्याविषयीचा त्याचा निष्कर्ष नाकारला, इतका सूक्ष्म विवेक त्यांनी दाखविला.

जैन तत्त्वज्ञांनी नय आणि दुर्नय असा जो भेद केला आहे तो येथे तंतोतंत लागू पडतो. वस्तू अनंतधर्मात्मक असते. तिच्या एका अंगाचे ज्ञान करून देणारा आणि इतर अंगांचा निषेध न करणारा तो नय, आणि आपले अंग म्हणजेच समग्र वस्तू असे प्रतिपादन करणारा तो दुर्नय. लहान पक्ष हा स्वभावतः एक नय असतो. जमीन, भाषा, जात, पाणी, मजुरी यांपैकी एका अंगाचे दुःख त्याला इतरांहून तीव्रतेने दिसते, आणि त्या दर्शनातच त्याचे सामर्थ्य असते. पण आपल्या भाषेचा नाही तो परका, आपल्या जातीचा नाही तो वैरी, असे तो म्हणू लागला की त्याचा दुर्नय होतो. मोठ्या पक्षाचा दुर्नय याहून भयंकर, कारण बहुमत हाती असल्यामुळे आपली दृष्टी म्हणजेच राष्ट्राची दृष्टी, असे त्याला वाटू लागते आणि त्याला अडविणारे कोणी उरत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र निराळी आहे. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर आता विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य विलीनीकरणाला राजी असतील तर त्यांचे सदस्यत्व शाबूत राहते. शंभर आमदारांच्या पक्षात यासाठी सदुसष्ट माणसे लागतात. तीन आमदारांच्या पक्षात दोन पुरतात. २०१९ साली गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तिघांपैकी दोघे आमदार सत्ताधारी भारतीय जनता पक्षात विलीन झाले, तेव्हा हा हिशेब प्रत्यक्षात दिसला. पराभूत झालेले मत वाया गेले नाही असे मी वर म्हटले. वाया गेलेच असेल तर ते असे विजयी होऊन पुढे हस्तांतरित झालेले मत. १९६६ च्या डिसेंबरात, सार्वमत निःपक्षपातीपणे व्हावे म्हणून, बांदोडकरांनी मंत्रिमंडळासह राजीनामा दिला होता. पक्ष सोडणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीने, तो एकटा असो वा दोन तृतीयांशांतला असो, आधी जागेचा राजीनामा द्यावा आणि त्याच मतदारांपुढे पुन्हा उभे राहावे, असा निरपवाद नियम कायद्यात झाला पाहिजे. मोठ्या पक्षांना त्याची निकड भासत नसेल, तर तो मागण्याचा पहिला अधिकार लहान पक्षांच्या मतदारांचा आहे.