निःशस्त्र सारथी

भगवद्गीता हा समुपदेशनाचा आद्य ग्रंथ होय, असे विधान अलीकडे मराठी व्याख्यानांतून सर्रास केले जाते. ते गौरवाचे वाटले, तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि ती कोठे होते हे पाहिले म्हणजे संवादोपचार, म्हणजे ठरावीक वेळी भेटून केवळ बोलण्याऐकण्यातून होणारा मानसोपचार, काय देऊ शकतो हेही उमगते.

साम्य आहे, यात शंका नाही. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अवयव गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो आणि गांडीव हातातून निसटते. श्रीकृष्ण मात्र, जमलेले कौरव पाहा, एवढे एकच वाक्य बोलून अध्याय संपेपर्यंत ऐकत राहतो. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो दुबळेपणा टाकून उठण्यास सांगतो, म्हणजे खचलेल्या माणसाला घरोघरी 'मन घट्ट कर' म्हणून जे सांगितले जाते तेच सांगतो, आणि त्याचा गुणही घरोघरी येतो तितकाच येतो: अर्जुन पुन्हा तीच व्यथा मांडतो आणि लढणार नाही असे म्हणून गप्प बसतो. खरा उपदेश त्यानंतरचा आहे.

परंतु या संवादात एकाला उत्तर आधीच ठाऊक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची भूमिका नेमकी उलट होती. उपचारकाने समानुभूतीने, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून तरीही स्वतःचे भान न सोडता ऐकावे, आणि वाट ज्याची त्याला सापडू द्यावी, असे ते मानत. भारतीय मनाला हा अलिप्तपणा परका वाटतो हे ओळखून मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी 1973 मध्ये गुरु-शिष्य नात्याचाच नमुना उपचारासाठी सुचवला. सूचना मोलाची असली तरी जोखमीची आहे, कारण गुरूला विश्वरूप दाखवता येते. उपचारक ते दाखवू लागला, तर त्याच्याकडून उठून यावे हे बरे.

दुसरा भेद याहून खोल आहे. अर्जुनाचा कंप हे लक्षण मानले, तरी स्वजनांना मारावे काय, हा प्रश्न लक्षण नव्हे. तो धर्मसंकटाचा प्रश्न आहे आणि कंप थांबला म्हणून तो सुटत नाही. संवादोपचार भीती, अपराधभाव आणि वस्तुस्थिती यांची गुंतवळ सोडवू शकतो, आणि त्यामुळे माणूस प्रश्नाकडे निदान स्थिर नजरेने पाहू शकतो. युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

उपचारक निवडताना उद्योगपर्वातील प्रसंग अधिक उपयोगी पडतो. एका बाजूला नारायणी सेना आणि दुसऱ्या बाजूला न लढणारा, निःशस्त्र कृष्ण, यांतून अर्जुनाने दुसरा पर्याय घेतला. आपली लढाई आपल्या वतीने लढणारा नव्हे, तर रथात सोबत बसणारा त्याला हवा होता. आजच्या शोधात अर्थात रोकड्या चौकशाही कराव्या लागतात: औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि ती विचारण्यात संकोच नसावा. बोललेले बाहेर जाणार नाही, हा केवळ विश्वासाचा भाग नाही. काही अपवाद वगळता 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. इतके करूनही काही भेटींनंतर सूर जुळत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून दुसऱ्याकडे जाणे यात कृतघ्नता नाही, कारण येथे दीक्षा घेतलेली नसते.

अठराव्या अध्यायाच्या 63 व्या श्लोकात, सगळे सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनाला पूर्ण विचार करून इच्छेला येईल तसे करण्याची मोकळीक देतो, आणि तीनच श्लोकांनंतर सर्व धर्म सोडून आपल्याला शरण येण्यास सांगतो. उपचारकाची सोबत 63 व्या श्लोकाशी थांबते.